सायरन वाजला तेव्हा कोण पळालं

अहो, काल मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली आणि शोकसभेत लोक पोट धरून हसले. झालात ना खूश? हार घातलेल्या फोटोतून तुम्हीही हसूनच राहिला होता. तो फोटो मीनूने निवडला. मी म्हटलं होतं, फॅक्टरीच्या ओळखपत्रावरचा घे, त्यात तरी हे गंभीर दिसतात.

विनायकभाऊ बोलायला उभे राहिले ते रुमाल डोळ्याला लावूनच. तुमच्या सेक्शनचा माणूस, तुमच्या हाताखाली शिकला, त्याचं रडणं खरं होतं, मी नाही म्हणत नाही. पण दोन वाक्यं झाली नाहीत तोच म्हणाले, "पण मंडळी, भाऊंचा सायरनचा किस्सा सांगितल्याशिवाय भाऊंना श्रद्धांजली काय द्यायची?" मागून कोणीतरी "हाव, हाव, सांगा" म्हणालं. शेजारचे पंडितजी, ज्यांना मराठी अर्धंच कळतं, तेसुद्धा खुर्चीत पुढे सरकले. मग सुरू झालं. ऑस्ट्रियातलं तळं, तळ्याकाठचा किल्ला, भर दुपारी वाजलेला सायरन, आणि आमच्या शालिनीवहिनी काठापदराच्या साडीसकट तोफेखाली आडव्या! दातात पदर, कानांवर हात! आणि भाऊ बिचारे गावभर शोधून राहिले, शालू, अगं शालू! विनायकभाऊंनी तुमचा आवाज काढून दाखवला. अगदी हुबेहूब काढला.

मग मी उभी राहिले. तेराव्याचं पांढरं पातळ नेसलेली बाई मधूनच उठली म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. मी म्हटलं, "मी नव्हते. तोफेखाली हे होते."

 मग विनायकभाऊ स्टेजवरून खाली आले, माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, "वहिनी, बसा. दुःखात माणसाला काही सुचत नाही." मीनूने माझा पदर ओढला. "आई, बैठो न, प्लीज. लोग क्या सोचेंगे." आणि मागच्या रांगेतून एका बाईचा आवाज आला, बिचारी. मी बसले.

चहाच्या वेळी विनायकभाऊ पुन्हा आले, म्हणाले, वहिनी, मंडळाची स्मरणिका निघून राहिली आहे, भाऊंवर दोन-तीन पानं तुम्हीच लिहा, हृद्य असं काहीतरी, सायरनचा किस्सा त्यात आलाच पाहिजे. आणि तुमच्या बैठकीत लावलेला तो तळ्याकाठचा फोटो द्या, किस्स्याबरोबर छान दिसेल. मी म्हटलं, देते.

तर लिहायला बसले आहे. किस्सा येणार, फोटोही येणार. फक्त या खेपेला तुम्हाला मध्ये तोंड घालता येणार नाही. "अगं, तुला नीट आठवत नाही" म्हणता येणार नाही. आयुष्यभर तुम्ही बोललात आणि मी चहा दिला. आता तुम्ही ऐका.

सुरुवात तळ्यापासून नको. तुम्ही नेहमी तळ्यापासून सुरू करायचात, कारण त्याआधीचं सांगितलं तर किस्सा उलटा पडतो. मी लढाईपासून सुरू करते.

एकाहत्तरची लढाई आली तेव्हा आपण जबलपुरात अधारतालला नवीन राहायला आलो होतो. तुम्ही फिलिंग सेक्शनला, म्हणजे गोळ्यांत दारू भरायच्या कामावर. तिथे खिशात काडेपेटी न्यायची नाही, बुटाला खिळा नको, अंगावर धातूचं बटण नको. भोंगा झाला की तुम्ही निघायचात आणि ओव्हरटाइम करून दुसऱ्याच कुठल्या भोंग्याला परत यायचात. त्या पावडरीने तुमचे तळवे हळदीसारखे पिवळे व्हायचे, उशीचा अभ्रा पिवळा व्हायचा. मी अभ्रे उकळत्या पाण्यात टाकायचे, तरी पिवळा काही जायचा नाही. खोटं कशाला बोलू, मला ते पिवळे हात आवडायचे. जेवताना मीनू तुमचा हात उलटा करून पाहायची आणि म्हणायची, बाबांची हळद झाली.

सेक्शनचे ड्रिल मास्तर तुम्हीच. सायरन वाजला की हातातलं जिथल्या तिथे ठेवायचं, मातीच्या बंधाऱ्याकडे पळायचं, आडवं पडायचं, कानांवर हात आणि दातात रुमाल. आणि मागे वळून पाहायचं नाही. कोणी हाक मारली, कोणी पडलं, तरी नाही. हे तुम्ही त्या पोरांकडून इतक्यांदा करून घेतलं होतं की ती झोपेतही पळाली असती. घरीही शिकवलंत. पेरूच्या झाडाखाली खंदक खणलात, खिडक्यांना काळे कागद लावलेत, आणि मला आणि मीनूला शिट्टी वाजवून खड्ड्यात उतरवलंत. मला हसू यायचं तर तुम्ही ओरडायचात, "शालू, हा खेळ नाही."

नाहीच तो खेळ. पण खरा सायरन जेव्हा जेव्हा वाजला तेव्हा तुम्ही घरी नव्हता. एकदाही नाही. तुम्ही फॅक्टरीत आणि मी त्या खड्ड्यात, पोरीला पोटाशी धरून, संध्याकाळचा स्वयंपाक चुलीवर टाकून. पहिल्यांदा मी थरथर कापले. नंतर नंतर मीनूला गोष्ट सांगायला लागले, मग भेंड्या खेळायला लागलो. सायरनची जी काय भीती माझ्यात होती ती त्या खड्ड्यात मुरून गेली. तुम्हाला कुठून कळणार? कळायला तिथे असावं लागतं.

फॅक्टरीत त्या वर्षी काहीतरी झालं होतं. तुम्ही एकदाच बोललात, तेही अर्धं. एक माणूस मागे वळला होता, एवढंच. कोणासाठी वळला, त्याचं काय झालं, तुम्ही कुठे होता, काही नाही. मी विचारलं तर म्हणालात, "फॅक्टरीचं फॅक्टरीत." मी पुन्हा विचारलं नाही. ते तुमच्यासोबतच गेलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तेवढं लक्षात ठेवा, कारण पुढे तक्रारच आहे.

लढाई संपली त्या आठवड्यात तुम्ही आम्हाला गढ्याला मदनमहाल किल्ल्याच्या टेकडीवर नेलंत. वर चढवलं नाहीत, खाली खडकावर बसून शेंगदाणे खाल्ले. तिथे म्हणालात, "शालू, एकदा असे किल्ले दाखवीन की हा विसरशील. आणि तळी. निळी तळी." मी म्हटलं, आपण राहतोच तळ्याच्या नावाच्या वस्तीत, आणखी कोणतं तळं? तर म्हणालात, "ज्याच्यात म्हशी नाहीत ते."

आणि खरंच दोन वर्षांनी तुम्हाला नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी ऑस्ट्रियाला पाठवलं. ट्रेनिंग संपता संपता उन्हाळ्यात सुट्टी मिळाली आणि तुम्ही मला बोलावलंत. मीनूला माझ्या आईकडे ठेवून मी आले. "मी हिला फॉरेन दाखवलं" असं तुम्ही सांगत फिरलात. माझ्या आईने घातलेले सोन्याचे गोठ मोडून तिकीट आलं होतं, ते कधी सांगितलं नाहीत. जाऊ द्या, ते छोटं आहे.

ते दिवस मात्र मी कोणाला देणार नाही. तुम्हालाही परत देणार नाही. मी विमानातून उतरले तेव्हा माझ्या पिशवीत दशम्या आणि लसणाचा ठेचा होता आणि पुढच्या गाडीची वाट पाहताना तुम्ही स्टेशनच्या बाकावर बसूनच डबा उघडलात. आजूबाजूचे गोरे लोक लसणाच्या वासाने उठून गेले. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणालात ठेचा तिखट आहे. माझ्यासाठी बूट आणून ठेवले होते. साडीवर बूट कसे घालायचे म्हणून मी रडकुंडीला आले तर तुम्ही भर रस्त्यात खाली बसून माझ्या बुटाची लेस बांधलीत. जबलपूरला कधी माझ्या शेजारून चालला नाहीत, नेहमी दहा पावलं पुढे. तिथे हात धरलात. पहिल्यांदा धरलात तेव्हा मी घाबरून मागे पाहिलं, न जाणो कोणी ओळखीचं असेल!

रोज एक किल्ला. तुमचं किल्ला पाहणं म्हणजे काय सांगावं! राणीचा पलंग, सोन्याचे आरसे, लोक तोंडाचा आ करून पाहताहेत, आणि तुम्ही दाराच्या बिजागऱ्या वाकून पाहताय. अंगणात जुनी तोफ दिसली की झालं. दोरीच्या खालून घुसायचात, चाकावर टिचक्या मारायचात, "आमच्या पोरांनी हे चाक बरं केलं असतं" म्हणायचात. पहारेकरी ओरडायचा. मी तुमच्या वतीने हसायचे. एकदा तळ्यात नाव वल्हवायला घेतलीत आणि ती गोल गोल एकाच जागी फिरत राहिली. तुम्ही घामाघूम, आणि मी इतकी हसले की माझ्या पोटात दुखायला लागलं. तुम्ही वल्हं टाकून दिलंत आणि तुम्हीही हसलात. नाव तशीच राहिली बराच वेळ. मग एका पोरीने तिच्या नावेला आपली नाव बांधून काठाला आणली.

आता या तुमच्या आवडत्या जागी.

शनिवार होता. तळ्याच्या काठी लाकडी धक्का, तिथून बोट सुटायची. वरच्या बाजूला किल्ला, त्याच्याकडे जाणारी पायवाट. तुम्ही विनायकभाऊंचा मागून आणलेला कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला होता, कारण तुम्हाला तो ओझं व्हायचा. तुमचा हात माझ्या हातात होता. समोर एक म्हातारी गोरी बाई स्वतःचा कॅमेरा घेऊन उभी होती. साडीकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, फोटो काढू? मी मान हलवली. तुम्ही सदरा नीट केलात. तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

आणि सायरन वाजला.

खालून वर चढत गेला, आपल्या अंगणात चढायचा तसाच. मी आधी आजूबाजूला पाहिलं, कारण मला पाहायची सवय होती. बदकं पोहत होती. बाकावर दोन माणसं ब्रेड खात होती, खातच राहिली. बोटवाला घड्याळाकडे पाहून काटा जुळवत होता. दर शनिवारी दुपारी बारा वाजता त्या देशात सायरन वाजवून पाहतात, चालतो की नाही, बस एवढंच. हे मला नंतर कळलं, पण बदकांवरून तेव्हाच समजलं की काही नाही. मी तुम्हाला सांगायला तोंड वळवलं.

तुमचा हात माझ्या हातात नव्हता. झटका देऊन सोडवून घेतला होतात, माझी बांगडी वाढली त्या झटक्याने. तुम्ही त्या पायवाटेने वर पळत होतात. मी हाक मारली, "अहो!" तुम्ही मागे वळून पाहिलं नाही.

सायरन थांबला. ती म्हातारी कॅमेरा खाली करून माझ्याकडे पाहून राहिली होती. मी वर चढत गेले, त्या नव्या बुटांत, साडी हातात धरून. किल्ल्याच्या दारात तिकिटं देणारी बाई तोंडावर हात ठेवून उभी होती. तिने बोटाने दाखवलं. अंगणात तोफ, तोफेखाली तुम्ही. पालथे, कानांवर हात, दातात रुमाल. तुम्ही माझ्या पदराची गोष्ट सांगता ना, दातात पदर म्हणून? बायका घाबरल्या की पदर तोंडाला लावतात, दातात धरत नाहीत. दातात कापड फॅक्टरीचा माणूस धरतो. एवढ्या वर्षांत मंडळातल्या एकाही फॅक्टरीवाल्याच्या डोक्यात हे आलं नाही, याचं मला नवल वाटतं.

मी तुमच्याजवळ खाली बसले. तुमच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "काही नाही हो, उठा. बारा वाजलेत, बस." तुम्ही दातातला रुमाल काढलात आणि माझ्यावर खेकसलात, "तू काहून नाही आलीस?"

तेव्हासुद्धा मला राग आला नाही, शपथ. तुमचे गुडघे सोलले होते, मी तुमच्याच रुमालाने पुसले. रात्रभर तुमचं अंग थरथरत होतं, मी धरून होते. पळालात म्हणून मी तुमच्यावर एक दिवसही रागावले नाही. ज्याला पळायलाच शिकवलंय तो पळणार. दुसऱ्या दिवशी मी धक्क्यावर बसून तुम्हाला ब्रेड भरवला आणि आपण बदकं पाहिली. मला वाटलं, झालं, ही गोष्ट आपल्या दोघांत राहील, आपली म्हणून.

जबलपूरला परत आलो. सगळे भेटायला आले, विनायकभाऊ, पंडितजी, फॅक्टरीची अर्धी पलटण. तुम्ही बैठकीत बसलेले, मी चिवडा घेऊन आले. तुम्ही सांगत होतात, "...आणि सायरन झाला, तर काय सांगू, शालू तोफेखाली आडवी!"

मी चिवड्याची ताटली घेऊन दारात उभी. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या पहिल्या दिवशी तुमची नजर गयावया करत होती. मी ती नजर ओळखली आणि ताटली खाली ठेवून आत गेले. नवऱ्याची लाज झाकायची असते असं घरी शिकवलेलं. एक दिवस झाकली तर काय बिघडतं?

दुसऱ्यांदा सांगितलंत तेव्हा नजर तशी नव्हती. दहाव्यांदा तर तुम्ही माझी नक्कल करायला लागलात. दरवेळी किस्सा वाढत गेला. आधी मी फक्त आडवी पडले होते, मग किंचाळले, मग हनुमान चालिसा म्हणाले, मग तुम्ही मला खांद्यावर उचलून आणलंत. तुम्ही! ज्यांना गव्हाचं पोतं उचलायला विनायकभाऊ लागायचे!

म्हातारीने फोटो पोस्टाने पाठवला. मी तिला पत्ता दिला होता. पाकीट मी उघडलं, मी पाहिलं. मग तुम्ही पाहिलंत. खिशात घातलात आणि आठवड्याने फ्रेम करून आणलात. कडेने हातभर पुठ्ठा, मधे तेवढी मी. बैठकीत लावलात. आल्यागेल्याला दाखवायचात, "मी काढला, सायरनच्या आधी." कॅमेरा माझ्या गळ्यात लटकतोय, मग तुम्ही काय डोळ्याने काढलात? कोणी विचारलं नाही. मी फोटोत उजवा हात जरासा पुढे करून उभी आहे. लोक म्हणायचे, बदकांना खाऊ घालून राहिली वाटतं. तुम्ही म्हणायचात, हाव.

इथपर्यंतही मी सोसलं असतं. हसणं काय, लग्नाच्या बायकोला हसतातच. पण कुंडम मी सोसणार नाही.

मीनू मोठ्या शाळेत गेली तेव्हा मला कुंडमच्या शाळेत मास्तरणीची जागा आली होती. लग्नाआधी अमरावतीला मी ट्रेनिंग केलं होतं, ते कधी तरी कामाला येईल म्हणून मी बारा गावांना अर्ज धाडत होते. रोज बसने जायचं-यायचं, मधे जंगल. मी दोन साड्या इस्त्री करून ठेवल्या होत्या. रविवारी सगळे बसले होते, मी सांगितलं. तुम्ही बशीतला चहा फुंकत म्हणालात, "जी बाई बाराच्या सायरनला तोफेखाली जाते, ती कुंडमच्या जंगलातून एकटी जाणार? अस्वल दिसलं तर तिथे तोफ कुठून आणू?" लोक हसता हसता खोकले. मीनू पण हसली, लहान होती. पंडितजी म्हणाले, "भाभीजी, घर ही अच्छा है." तुम्ही म्हणालात, "चलो, छोडो." आणि सुटलं. ती जागा दुसऱ्या कुणाला गेली.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरात तुम्हाला गाठलं. विचारलं, "सांगू का सगळ्यांना, तोफेखाली कोण होतं?" तुम्ही पाणी प्यालात. तांब्या खाली ठेवलात. म्हणालात, "सांग ना. कोण मानेल?"

हे वाक्य मी विसरले नाही. भाजी चिरताना आठवलं, मीनूच्या लग्नात तुम्ही व्याह्यांना किस्सा सांगून राहिला होतात आणि मी विहीणबाईंची ओटी भरत होते, तेव्हा आठवलं. तुमच्या आजारपणात तुमचे पाय दाबताना आठवलं. दाबत होते मी, पण मनात म्हणत होते, एकदा तरी म्हणा. लोकांत नका, या खोलीत म्हणा. "शालू, मी पळालो होतो." एवढे चार शब्द. मी लगेच म्हटलं असतं, हो हो, ठाऊक आहे, झोपा आता. तुम्ही बरे झालात आणि आधी दूधवाल्याला तोच किस्सा सांगितलात.

मग गेलात, तेही असे. सकाळी दाढी करता करता. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गुळगुळीत, वस्तरा मोरीत. न्हावी आणून उरलेली करून घ्या, लोक म्हणाले. माझ्या ओठांवर आलं होतं, राहू द्या तशीच, आयुष्यभर अर्धीच बाजू दाखवली आहे. नाही बोलले. मीच केली तुमची दाढी, माझ्या हाताने. तुमच्या गालाला तोवर ऊब होती. 

एवढं असूनही संध्याकाळी भोंगा झाला की मी फाटकाकडे पाहते. तुमची सायकल टेकवल्याचा आवाज येतो की काय म्हणून. याचा मला स्वतःचाच राग येतो, पण पाहते.

काल सभेत मी सांगितलं आणि कोणी मानलं नाही. तुमचं खरं ठरलं. मेल्यावरसुद्धा तुमचंच खरं ठरलं! घरी आले, मीनू म्हणाली, "आई, बाबा मज़ाक करते थे, तू इतना दिल पे क्यों ले रही?" मी तिला म्हटलं, खुर्ची दे.

तुमचा हाराचा फोटो लावायला बैठकीतला मोठा खिळा हवा होता, म्हणून तळ्याचा फोटो उतरवायचाच होता. उतरवला. तुमच्याच पकडीने मागचे बारके खिळे काढले, काच काढली, तो तुमचा पिवळा पडलेला पुठ्ठा काढला. हे मी केव्हाही करू शकले असते. खिळा तोच, पक्कड तीच. पण तुम्ही समोर बसून चहा पिताना तुमची पाठ चारचौघांना दाखवायला माझा हात धजला नाही. आता तुम्ही चहा पीत नाही.

मीनूने फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. मग बोटाने डावीकडचा कोपरा दाखवून मराठीत विचारलं, तिला कधी धड जमत नाही त्या मराठीत, "आई, हे... हे बाबा आहे?"

मी म्हटलं, हाव.

"आणि हा तुझा हात?"

मी म्हटलं, "बदकांसाठी नव्हता तो. नुकताच सुटला होता."

ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तुमच्यासाठी रडली की माझ्यासाठी ते मी विचारलं नाही. मग उठली आणि म्हणाली, "कुंडम... मैं भी हँसी थी न?" मी तिला चहा करायला पाठवलं.

विनायकभाऊ, हे तुमच्या हातात आधी पडणार, म्हणून तुम्हाला सांगते. यातला एक शब्द गाळायचा नाही. हृद्य पाहिजे होतं, हृद्यच आहे. फोटो अख्खा छापा, कडा कापू नका, सोबत त्यांचा हाराचा फोटो नको. आणि फोटोखालची ओळ तुम्ही रचू नका, ती मीच लिहून देते.

तळ्याकाठी, सायरन वाजत असताना. हात पुढे करून उभी आहे ती शालिनी. डाव्या कोपऱ्यात पाठमोरे पळताहेत ते आमचे हे.